सावंतवाडीचा बाजार आणि तीन हरवलेली पाने

कोकणातून गोमंतकाकडे जाणारी मंडळी हल्ली सावंतवाडीस क्वचितच उतरतात. पूर्वी मुंबईहून गोव्यास जाणारा हमरस्ता गावातून जात असे. त्यामुळे चहाच्या निमित्ताने का होईना, मोटार थांबे आणि प्रवाशाची नजर बाजारावर पडे. आता झारापपासून पत्रादेवीपर्यंतचा नवा मार्ग गावाबाहेरून गेला आहे. कोकण रेल्वे १९९८ साली अखंड सुरू झाली खरी, परंतु सावंतवाडीचे म्हणून जे स्थानक तिच्यावर आहे ते गावापासून काही मैल दूर पडते. सारांश, मुद्दाम वाट वाकडी करणाऱ्यासच हे गाव भेटते. यात गावाचे नुकसान झाले असेल, पण वाट वाकडी करणाऱ्याचा लाभच झाला आहे, कारण येथील दुकानदारास अद्याप गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलावयास फुरसत असते.

आम्ही गेल्या माघात सहकुटुंब कोल्हापूरहून आंबोलीच्या घाटाने खाली उतरलो. घाटमाथ्यावरील थंडी अंगावरून उतरते न उतरते तोच खालची दमट, माडांच्या सावलीची हवा लागते, आणि शाल पिशवीत जाते. आमचे जाणे केवळ सहलीसाठी नव्हते. पिशवीत शालीच्या खाली एक जुनी लाकडी पेटी होती व तिच्यापायीच हा प्रवास घडला. परंतु तिची हकीकत जागच्या जागी येईल.

गावाचे जुने नाव सुंदरवाडी. सावंत भोसल्यांचे ठाणे येथे झाल्यावर सावंतांची वाडी ती सावंतवाडी, असे नाव रूढ झाले. संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तरी गावाच्या ठेवणीत राजधानीपण अजून दिसते. मध्यभागी १८७४ साली बांधलेला मोती तलाव, त्याच्या काठाशी राजवाडा, आणि तेथून फुटलेल्या लहान लहान आळ्या. यांपैकी चितार आळी ही आमच्या मते साऱ्या कोकणपट्टीतील सर्वांत पाहण्याजोगी आळी होय. चितारी म्हणजे चित्रकार. त्यांची वस्ती आणि त्यांची दुकाने येथेच.

चितार आळीत शिरताच प्रथम वाटते की आपण चुकून फळबाजारात आलो. केळ्यांचा घड, हापूस आंबा, काजूचे बोंड, पिकले सीताफळ, कलिंगडाची लालभडक फोड व तिच्यात काळे बी, सारे टोपल्यांत मांडलेले. आमच्या सौभाग्यवतींनी एक लिंबू उचलले आणि ते हातास इतके हलके लागले की त्या दचकल्याच. ही सर्व फळे लाकडाची. फळांसाठी बहुधा पांगाऱ्याचे लाकूड घेतात. वसंतात पाने झडून तांबड्या फुलांनी पेटल्यासारखे दिसणारे हे झाड संस्कृतात पारिभद्र म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे लाकूड पांढरे, मऊ व अतिशय हलके असते. इमारतीस निरुपयोगी, जळणासही सामान्य, पण चाकूखाली लोण्यासारखे चालते. ज्याचा दुसरा काही उपयोग नाही अशा लाकडास येथील कारागिरांनी आंब्याचे व केळीचे रूप दिले, ही युक्ती आम्हांस फार आवडली.

फळे कोरून वर रंग देतात. पोळपाट-लाटणी, भातुकलीची भांडी, भोवरे, सोंगट्या, पाळण्यावर टांगावयाची चिमणाळी यांची रीत निराळी. ती चरकावर कातली जातात, व वस्तू फिरत असतानाच तिच्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवितात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला झिलई आणतात. ब्रश नाही, वाळविणे नाही. अशा लाखकामाची वस्तू व साधा तैलरंग दिलेली वस्तू दोन्ही एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या असतात आणि अनभिज्ञ गिऱ्हाईक स्वस्त ती उचलते. ओळखण्याची सोपी खूण अशी: लाखेचा रंग लाकडात मुरल्यासारखा, काचेप्रमाणे नितळ दिसतो व वळशांच्या कडा एकमेकींत किंचित मिसळलेल्या असतात, ब्रशाने ओढलेल्या रेघेची कड तुटक व उंचावलेली असते, बोटास लागते. जेथे घरातील तान्हे मूल प्रत्येक वस्तू प्रथम तोंडात घालून तिची परीक्षा करते, तेथे हा भेद जाणून घेणे अगत्याचे आहे. दुकानदारास सरळ विचारावे. आम्ही ज्यास ज्यास विचारले त्याने त्याने न लपविता सांगितले.

आमच्या नातीसाठी भातुकलीचा एक संच घेतला. चूल, जाते, खलबत्ता, पाट, कळशी. तिने शहरात जाते कधी पाहिलेले नाही, त्यामुळे हे खेळणे तिला आधी शिकवावे लागणार होते. खेळण्यांची ही एक गंमतच म्हणावयाची: मोठ्यांच्या जगातून जी वस्तू गेली ती मुलांच्या जगात आणखी शंभर वर्षे नांदते.

आता पेटीकडे वळतो.

सावंतवाडीची खरी कीर्ती खेळण्यांची नव्हे, गंजिफेची. हा शब्द आजच्या तरुण मंडळींस अपरिचित झाला आहे. आम्ही घरी 'गंजिफा दुरुस्त करून आणतो' असे म्हणालो तेव्हा आमच्या एका भाच्यास गंजीफ्रॉक वाटला, आणि दुरुस्तीस सावंतवाडीस कशाला जावयाचे, येथे कोपऱ्यावर शिंपी आहे, असे त्याने गंभीरपणे सुचविले. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेली खेळावयाची वाटोळी पाने. खेळ इराणाकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारातील पानांचे सविस्तर वर्णन अबुल फजलाने 'आईने अकबरी'त केले आहे. मुसलमानी अमदानीतील पेटीत गुलाम, ताज, शमशेर असे आठ रंग व ९६ पाने असत. आपल्याकडे तिला चंगकांचनी म्हणत. हिंदूंनी तोच खेळ उचलला, परंतु रंगांच्या जागी दशावतार बसविले. परकीय वस्तू घेऊन तिला स्नान-संध्या शिकविण्याची ही आपली जुनी हातोटी. गिरिधर नावाच्या पंडिताने तर 'गञ्जीफाखेलनम्' असा संस्कृत ग्रंथच या खेळावर रचला आहे. सावंतवाडीस हा खेळ तिसरे खेम सावंत यांच्या वेळी तेलंगणातील विद्वान ब्राह्मणांकडून आला, असे तेथे सांगतात.

दशावतारी पेटीत दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने: राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. एकूण १२०. प्रत्येक रंगाची जमीन निराळी, म्हणजे पानाचा मूळ रंग वेगळा, आणि त्यावर त्या अवताराची खूण. मत्स्याच्या पंजावर पाच मासे, कूर्माच्या सत्तीवर सात कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. राजाच्या पानावर त्या अवताराची मूर्ती असते. पाने करण्याची जुनी रीत अशी की कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, वर खडूचा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटावयाचे, वाटोळे कापून रंगवावयाचे व शेवटी लाखेचे रोगण चढवावयाचे. श्रीमंतांच्या घरी हस्तिदंताची व कासवाच्या पाठीची पानेही असत.

खेळ मुख्यतः तिघांचा. पांढरे स्वच्छ वस्त्र अंथरून त्यावर पाने पालथी कालवितात. दिवसा खेळावयाचे असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती आला त्याची पहिली उतारी. दिवेलागणीनंतर खेळावयाचे असेल तर कृष्णाच्या राजाची. सूर्यवंशी रामास दिवस आणि मध्यरात्री जन्मलेल्या कृष्णास रात्र, ही वाटणी कोणी केली असेल त्याच्या रसिकतेस आम्ही नमस्कार करतो. पाच रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी व एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाचांत नेमके उलटे, एक्का मोठा व दश्शी लहान. आजच्या पत्त्यांत हुकूम म्हणजे सर्वांवर चढणारा रंग. गंजिफेत असा वरचढ रंगच नाही. त्या त्या रंगाची जी पाने अद्याप बाहेर पडलेली नाहीत त्यांत जे सर्वांत मोठे, ते त्या घटकेपुरते हुकमी. म्हणजे दहा रंगांत कोणते पान पडले व कोणते राहिले हे सतत मनात धरावे लागते. नशिबापेक्षा स्मरणशक्तीचा हा खेळ आहे. ज्यांनी लहानपणी अमरकोश पाठ केला त्यांनी देखील येथे कान धरावेत.

आमच्या घरची पेटी आमचे आजोबा वेंगुर्ल्यास नोकरीस होते तेव्हा त्यांनी घेतलेली. ते, त्यांचे शेजारी व एक वैद्य असे तिघे चातुर्मासात रोज दुपारी खेळत. चौथी पाहणारी त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे आमची आत्या. पाहता पाहता ती शिकली, आणि वैद्यबोवा गावास गेले की त्यांच्या जागी बसू लागली. आज तिला नव्वदावे वर्ष चालू आहे. आमच्या कुळात, व आमच्या माहितीच्या दहा-वीस घरांत, हा खेळ येणारी ती एकटीच उरली आहे. नियम कागदावर उतरवून घेता येतात, ते आम्ही उतरवून घेतलेही. पण कोणते पान केव्हा हातचे सोडावे हे समोर बसल्यावाचून कळत नाही.

आणि बसावे तर पेटीत पाने ११७. मत्स्याचा पंजा, परशुरामाची दश्शी आणि कल्कीचा प्रधान ही तीन पाने केव्हा हरवली कोणास ठाऊक. ११७ ला तिघांत वाटले तर प्रत्येकी ३९, भागाकार बिनचूक येतो, म्हणून आम्ही तसेच खेळून पाहू म्हटले. आत्या ऐकेना. तीन पाने मुळातच नाहीत हे मनात धरून हिशेब करावयाचा म्हणजे पाढ्यातून एक आकडा गाळून पाढा म्हणण्यासारखे आहे, असे तिचे म्हणणे. पुठ्ठ्याची तीन वाटोळी पाने कापून त्यांवर नावे लिहिली, तर पाठीवरून ती तिघांनाही ओळखू येत. "अरे बाळ, पाठीवरून कळणारी पानं घेऊन खेळायचं म्हणजे उघड्या पानांनी खेळणं. त्यापेक्षा सोंगट्या बऱ्या," असे म्हणून तिने पाने गोळा केली. म्हणून सावंतवाडी.

राजवाड्यात दरबाराच्या जागी चितारी बसून पाने रंगवीत असतात, ते प्रथम पाहून घेतले. ही विद्या जवळजवळ बुडाली होती. गेल्या शतकाच्या मध्यास येथे जुन्या रीतीने पाने करणारे हात बोटांवर मोजण्याइतकेही उरले नव्हते. पुढे १९७० च्या सुमारास राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या वृद्ध कारागिराकडून ती शिकवून घेतली, स्वतः राणीसाहेब शिकल्या, आणि राजवाड्यातच काम सुरू झाले. मुंबईत दीर्घकाळ राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी या पानांचा जन्मभर अभ्यास केला. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हिंदुस्थानातील गंजिफांचे जे प्रदर्शन झाले त्याचा ग्रंथ त्यांचाच. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकनही मिळाले. हे सर्व उत्तमच झाले. परंतु राजवाड्यात व बाजारात मिळून जी गिऱ्हाइके आम्ही पाहिली त्यांतील एकानेही, हा खेळ कसा खेळतात, असे विचारले नाही. कोणी दहा राजांची चौकट करून भिंतीस लावणार होते, कोणी पेल्याखाली ठेवावयास सहा पाने घेत होते. भगवान नरसिंहाच्या मस्तकावर चहाचा पेला! पूर्ण हाताने रंगविलेल्या पेटीस काही हजार रुपये पडतात आणि ते योग्यच आहेत, कारण १२० चित्रांचे ते मोल आहे. पण चित्रे जगली आणि खेळ गेला तर जगले ते नेमके काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही.

चितार आळीतील एका घरी आम्ही पेटी उघडली. चितारी साठीच्या आतबाहेरचे, मितभाषी. त्यांनी प्रत्येक रंग वेगळा लावला, रिकाम्या जागा हेरल्या, आणि कूर्माचे एक पान बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिले. काम आपल्याच गावचे असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. मग म्हणाले, "गुरुजी, चित्राचा काय नाय, दोन दिसांत काढतंय. पण पाठीचा काय करूचा?"

खरी अडचण तीच होती. पानाची दर्शनी बाजू साधता येते, कारण त्या रंगाची उरलेली अकरा पाने नमुन्यास समोर असतात. पाठ मात्र नुसती तांबडी. ऐंशी वर्षांच्या हाताळण्याने ती तांबडी राहिलेली नाही. कोठे काळसर, कोठे विटकरी, आणि जेथे अंगठा पडतो तेथे घासून फिकट झालेली. नवीन तीन पानांची पाठ कितीही मिळती केली तरी ती ११७ मध्ये उठून दिसणारच. उपाय एकच: सर्व पानांच्या पाठी हलक्या हाताने घासून, १२० पानांवर एकदमच रंग व रोगण चढवावयाचे. न घासता रंग धरणार नाही.

आमचा पुतण्या पुण्यास असतो व त्यास जुन्या वस्तूंची चांगली पारख आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, पाठी घासल्यात की पेटीची किंमत गेली. तीन पानं नाहीत तर नसू देत, आहे तशी जपून ठेवा." त्याचे म्हणणे आम्ही हलके लेखत नाही. पैशाची गोष्ट सोडा. ते जे अंगठ्यांचे ठसे होते त्यांत एक आजोबांचा होता, एक त्या वैद्यबोवांचा. आम्ही आजोबांस पाहिलेले नाही. त्यांचे छायाचित्र आहे ते एका लग्नातले, त्यात ते पागोट्याखाली ओळखू येत नाहीत. त्यांच्या हाताची खूण म्हणून घरात एवढीच होती. नवी कोरी पेटी घेऊन जुनी कपाटात ठेवावी हाही विचार केला. पण आत्याची दृष्टी आता मंद झाली आहे. तिला पानावरील खुणा नीट दिसत नाहीत, ती जमिनीच्या रंगावरून पान ओळखते, आणि नव्या पेटीतील रंग तिच्या डोळ्यांच्या ओळखीचे नाहीत.

त्या रात्री निर्णय झाला नाही. आम्ही ज्या आप्तांकडे उतरलो होतो तेथे पाने वाढली होती, आणि कोकणातील यजमानीण पानावर बसलेल्यास फार विचार करू देत नाही.

त्या जेवणातील खतखते या पदार्थाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण देशावर तो कोणी करीत नाही. सुरण, लाल भोपळा, अळकुड्या, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, मक्याचे तुकडे अशा मिळतील त्या भाज्या तुरीच्या डाळीत शिजवून, ओल्या नारळाचे वाटण, गूळ व आमसूल घालतात. येथवर आपली भाजी व आपली आमटी यांचे ते लग्न आहे. परंतु शेवटी पडते ते तिरफळ, आणि त्याने सारे पालटते. मिऱ्याहून किंचित मोठे, उकललेले, वाळलेले हे फळ जिभेस मुंग्या आणते. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा पुण्यातून तिरफळे घेऊन वाटून घातली होती, तेव्हा भाजी कडवट झाली व आम्ही तिरफळासच दोष दिला. यजमानीणबाईंनी खुलासा केला: आतील काळे बी टाकून द्यावयाचे, नुसते टरफल घ्यावयाचे, ते वाटावयाचे नाही तर किंचित ठेचून पाण्यासह उकळीत सोडावयाचे, आणि जेवताना बाजूस काढावयाचे. एवढ्याशा गोष्टीकरिता आमच्या घरी एक पदार्थ दहा वर्षे बंद होता.

दुसरे दिवशी न्याहारीस शिरवळ्या. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवून गरम गरमच लाकडी शेवग्यात घालतात आणि वरून सारा भार देऊन दाबतात. हे एकट्याचे काम नव्हे. एकाने शेवगा धरावा, दुसऱ्याने दाबावे, तिसऱ्याने ताटली फिरवावी. खाली पांढऱ्या शुभ्र शेवया उतरतात. त्या गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खावयाच्या. शेवग्यावर भार देण्याचा मान आम्हांस मिळाला, आणि शाळेत चाळीस वर्षे छडी उचलणारा हात येथे कामास येत नाही हे लक्षात आले.

बाजारात घ्यावयाच्या वस्तूंत कोकमाचा क्रम पहिला. हेच आयुर्वेदातील वृक्षाम्ल. त्याचे तीन-चार अवतार दुकानात असतात व पाहुणा गोंधळतो. वाळविलेली साल ते आमसूल. ती बोटास किंचित ओलसर व काळसर जांभळी असावी, अगदी कोरडी कडक झाली की वर्ष उलटले म्हणून समजावे. मीठ घालून टिकविलेला रस ते आगळ. सोलकढी याची होते. साखरेतला पाक ते अमृतकोकम, हे सरबतासाठी. बाटल्यांचा रंग एकच, म्हणून शहरातील पुष्कळ घरी सरबताच्या बाटलीतून सोलकढी करतात आणि ती गोड का झाली याचा शोध करीत बसतात. चौथी वस्तू भिरंडेल. कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळल्या म्हणजे वर तेल येते, ते गार झाल्यावर मेणासारखे घट्ट होते व त्याचे गोळे वळून विकतात. टाचांच्या भेगांस रात्री किंचित ऊन करून लावावे. घरातील सर्व वयस्कर मंडळींकरिता आम्ही पाच गोळे घेतले. औषधाच्या दुकानातील मलमाच्या एका नळीहून ते स्वस्त पडले. आमसुले नवी हवी असतील तर मात्र वैशाखानंतर जावे. उन्हाळ्यात फळ येते व तेव्हाच साली वाळत घालतात.

दुपारी आत्याला फोन लावला व चितारी काय म्हणतात, पुतण्या काय म्हणतो, सर्व सांगितले. अंगठ्यांच्या ठशांचेही सांगितले. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दादांचा अंगठा माझ्या लक्षात आहे. तो जपायला पेटी कशाला हवी? रंगव म्हणावं सगळ्यांच्या पाठी. मला खेळायचं आहे, आणि मी काही आता वीस वर्षं थांबायची नाही."

पेटी चितारी यांच्या हवाली करून आम्ही निघालो. पुतण्या चार दिवस बोलला नाही.

चैत्रात पार्सल आले. तीन नवी पाने आम्ही आधी वेगळी काढून ठेवली होती, ती आत्याच्या हाती दिली. तिने मत्स्याचा पंजा डोळ्यांजवळ नेला, मासे मोजले, आणि जुन्या चौकीशेजारी धरला. "माशांचे डोळे बारीक काढलेत. बाकी ठीक आहे," एवढाच अभिप्राय. मग तिने १२० पाने पालथी पसरून कालविली व आम्हांस त्या तिघी शोधावयास सांगितल्या. आम्हांस सापडल्या नाहीत. तिलाही नाहीत. धुतलेले धोतर अंथरले, आत्या, आम्ही आणि नात असे तिघे बसलो. दिवस होता, रामाचा राजा नातीकडे निघाला, उतारी तिची. दहा रंगांपैकी सहा रंगांत तिने उलटसुलट क्रम एका आठवड्यात पक्का केला. उरलेले चार तिला अद्याप चकवितात, आणि आत्या त्या चारांतच तिच्यावर उतरते. नव्वदीची बाई नऊ वर्षांच्या पोरीस एका पानाची सूट देत नाही. पुतण्या अक्षय्य तृतीयेस आला, तेव्हा पाठीकडे न पाहता पाने हातात घेऊन चौथ्याने कसे खेळावयाचे ते विचारू लागला. चौघांत प्रत्येकी तीस येतात.

ज्यांच्या घरी अशी अपुरी पेटी माळ्यावर पडून असेल त्यांनी प्रथम रंगवार पाने लावून नेमकी कोणती नाहीत ती लिहून काढावीत. नुसती छायाचित्रे पाठवून भागत नाही. छायाचित्रात जमिनीचा रंग बदलतो, म्हणून ज्या रंगातील पान हवे त्याची दोन-तीन पाने तरी प्रत्यक्ष न्यावीत. पानांचा व्यास व जाडी प्रत्येक पेटीची निराळी असते, तीही चितारी यांस मोजू द्यावी. पावसाळ्याचे चार महिने टाळावे. हवेत ओल असली म्हणजे रोगण वाळता वाळत नाही आणि पाने एकमेकांस चिकटतात. आणि पाठीचा प्रश्न घरातून निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून सोडवून ठेवावा, म्हणजे फोनचा खर्च वाचेल.